शपथ आणि उपचार

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत प्रमुख धर्मगुरूंनी दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी प्रमुख धर्मगुरूने कोणत्या विषयावर बोलावे, ह्याची एक रूढ चाकोरी आहे. मंदिरासाठी जागा कोणी दिली, घंटा कोणी अर्पण केली, पहिला धर्मशिक्षणाचा वर्ग कोणाच्या पडवीत भरला, ह्या गोष्टी कृतज्ञतेने सांगाव्यात व पूर्वजांचे ऋण मान्य करावे. ते काम ह्याच स्मरणिकेत इतरांनी माझ्याहून अधिक अधिकाराने केले आहे. मी मात्र दारू व अमली पदार्थ ह्यांच्या व्यसनावरील उपचार हा विषय निवडला, तेव्हा उत्सव समितीतील एका वडीलधाऱ्या सभासदाने मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "फादर, आनंदाच्या वर्षी हे कशाला?"

त्या वेळी मी त्यांना नीट उत्तर दिले नाही. ते आज देतो. उत्सवाच्या निमित्ताने मी आपल्या दफनाच्या नोंदवह्या आरंभापासून वाचून काढल्या. मरणाचे कारण लिहिण्यासाठी त्यांत एक रकाना आहे. कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी, रेल्वेचा अपघात, विहिरीत पडून, बावखलात पडून, अशी कारणे त्यात पुन्हा पुन्हा येतात. आणि शेजारच्या रकान्यात वय अडतीस, एकेचाळीस, सेहेचाळीस. नोंद करणारे धर्मगुरू दयाळू होते. त्यांनी कोठेही दारू हा शब्द लिहिला नाही. मीही लिहिलेला नाही. परंतु त्यांतील काही नावे आपणांपुढे वाचली असती, तर खरे कारण मला न विचारता आपणच सांगितले असते.

आता माझी एक गोष्ट सांगतो. ती माझ्या गौरवाची नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, मला दीक्षा मिळून थोडीच वर्षे झाली असता, मी एका अन्य धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. भस्म बुधवारी सायंकाळच्या मिस्सेनंतर वाडीत राबणारा एक मनुष्य पत्नीसह मजकडे आला. सकाळी उठताच त्याचे हात कापत. म्हणून तो आधी पेला घेई व मग केळीला पाणी लावावयास जाई. पत्नी रडत होती. मी त्याला वेदीसमोर नेले, क्रूसावर हात ठेवावयास लावला व ईस्टरपर्यंत थेंबालाही शिवणार नाही, अशी शपथ दिली. शपथ मोडणाऱ्यांविषयी आपण पुष्कळ बोलतो. ह्याने ती पाळली. गुरुवारी त्याला घाम सुटला व सर्वांगाला कंप भरला. शुक्रवारी पहाटे आकडी आली. शनिवारी त्याला भिंतीवरून किडे उतरताना दिसू लागले. तो मेलेल्या बापाशी बोलू लागला व पत्नीला ओळखीनासा झाला. घरच्यांस वाटले, काही बाहेरचे लागले. त्यांनी मला पवित्र पाणी घेऊन बोलाविले आणि मी गेलो. प्रार्थना केली, पाणी शिंपडले, सकाळी डॉक्टरांस दाखवा असे सांगितले व परत येऊन झोपलो. रविवारी उजाडण्यापूर्वी तो वारला.

त्याने गुरुवारीच शपथ मोडली असती, तर निदान त्या आठवड्यात तो मेला नसता. सेमिनरीत मला तत्त्वज्ञान शिकविले, ईश्वरविज्ञान शिकविले, पापाची मीमांसा शिकविली. परंतु दारू एकाएकी तोडल्याने मनुष्य मरू शकतो, हे कोणी शिकविले नाही. ते मी त्याच्या दफनानंतर एका डॉक्टरांकडून शिकलो. आज जे सांगणार आहे, ते त्या दिवसापासून विचारीत, वाचीत व पाहत आलेले आहे. मी वैद्य नव्हे. तरी आपल्या माणसाला कोणत्या दारी न्यावे, एवढे सांगण्याइतके ज्ञान आता मला आहे.

दारू ही मेंदूला मंद करणारी वस्तू आहे. ती रोज येऊ लागली म्हणजे मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून आपले काम चालवितो. चढावर भरली गाडी ओढणारा बैल जसा पुढे झुकून ओढतो तसा. अशा बैलाचे जोत एकाएकी तुटले तर तो तोंडघशी पडतो. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात ह्या अवस्थेस विड्रॉल म्हणतात. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते बारा तासांत कंप, घाम, मळमळ व अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होऊन नाही ते दिसू लागते. ते भूत नव्हे, पिशाच्च नव्हे. ती तातडीने रुग्णालयात न्यावयाची अवस्था आहे, आणि वेळीच उपचार झाल्यास बहुतेक रुग्ण तीतून वाचतात.

म्हणून उपचाराची पहिली पायरी शरीरातील दारू सुरक्षितपणे उतरविणे, ही होय. डॉक्टर लिब्रियमसारख्या गोळ्या आरंभी पुरेशा प्रमाणात देतात व साधारण आठवडाभरात हळूहळू कमी करून बंद करतात. त्यामुळे बैलाचे ओझे क्रमाक्रमाने उतरते. त्यासोबत थायमिन, म्हणजे बी-एक जीवनसत्त्व देतात, कारण दारूबाजाच्या शरीरात त्याचा दुष्काळ असतो व त्याच्या अभावी स्मृती कायमची जाऊ शकते. येथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. आपल्याकडे अशा माणसाला उचलून जवळच्या दवाखान्यात नेऊन "एक सलाईन लावा" म्हणण्याची पद्धत आहे. साखरेचे सलाईन थायमिन न देता लावल्यास मेंदूला अधिक अपाय होण्याचा संभव असतो. तेव्हा डॉक्टरांपासून पिणे लपवू नका. "पोट बिघडले आहे" म्हणून नेलेल्या माणसाला पोटाचेच औषध मिळते.

सर्वांनाच रुग्णालयाची गरज पडते असे नाही. ज्याला पूर्वी आकडी किंवा भ्रम झालेला आहे, ज्याचे यकृत बिघडले आहे, जो सकाळपासून पितो, जो वृद्ध आहे किंवा ज्याच्याजवळ बसावयास घरी कोणी नाही, त्याला दाखल करावे. इतरांस डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरीही दारू सोडता येते. सरकारी व महापालिकेच्या रुग्णालयांतील मानसोपचार विभाग ह्यासाठीच आहेत. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मुंबईत केईएम, नायर, शीव आहेत. "वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला?" हा प्रश्न मी ह्या वसईत इतक्या वेळा ऐकला आहे की, त्याचे उत्तर देणे मी सोडून दिले आहे, मी आता सरळ सोबत जातो.

आपण ह्या बाबतीत किती मागे आहोत, हे एका आकड्यावरून कळेल. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने देशभर केलेली पाहणी 2019 साली प्रसिद्ध झाली. तीत असे आढळले की, मद्यावर अवलंबून असलेल्या अडतीस माणसांमागे एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार घेणारा तर एकशेऐंशींत एक. बाकीच्यांना काय मिळते, ते आपण जाणतो. शिव्या मिळतात, उपदेश मिळतो, आणि माझ्यासारख्याकडून शपथ मिळते.

मग शपथ व्यर्थ आहे काय? मी तसे म्हणत नाही. डब्लिनच्या मॅट टॅलबटचे उदाहरण मला नेहमी ऐकविले जाते, व ते योग्यच आहे. तो गोदीतील मजूर. लहानपणापासून पिणारा. 1884 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने शपथ घेतली व 1925 साली मरेपर्यंत ती पाळली. 1975 साली ख्रिस्तसभेने त्याला 'पूजनीय' ही पदवी दिली. परंतु त्याच्या चरित्रातील दोन गोष्टी उपदेशात गाळल्या जातात. एक, त्याने आजन्म शपथ एकदम घेतली नाही. प्रथम तीनच महिन्यांची घेतली, मग पुन्हा घेतली व नंतर आयुष्याची. दुसरी, त्याने शपथेनंतर सारा दिनक्रम बदलला. पहाटे मिस्सा, सायंकाळी गुत्त्याऐवजी मंदिर, आणि गुत्त्यावरून जाताना मोह होऊ नये म्हणून खिशात पैसे ठेवणेही त्याने सोडले. म्हणजे शपथ हे त्याचे दार होते, घर त्याने मागाहून बांधले. मी माझ्या त्या माणसाला दार दाखविले आणि आत काय आहे, ते पाहिलेच नाही.

हे घर बांधण्याचे काम म्हणजे उपचाराची दुसरी पायरी, आणि खरी कठीण पायरी हीच. शरीरातील दारू आठवड्यात उतरते. मनातील उतरावयास महिने व वर्षे लागतात. विरार लोकलमधून थकून उतरलेल्या माणसाचे पाय ठरलेल्या वळणावर आपोआप वळतात, ते वळण औषधाने पुसले जात नाही. तरी औषधांची मदत होते. नाल्ट्रेक्सोन व अकॅम्प्रोसेट ही ओढ कमी करणारी औषधे आहेत. ती कोणाला द्यावी व कोणाला देऊ नये, हे यकृत व मूत्रपिंड तपासून डॉक्टर ठरवितात.

तिसरे औषध डायसल्फिराम. त्याविषयी थोडे अधिक बोलतो, कारण त्याचा दुरुपयोग मी आपल्याच वाड्यांतून पाहिला आहे. 1940 नंतरच्या दशकात डेन्मार्कमध्ये जेन्स हाल्ड व एरिक याकोबसेन हे दोन संशोधक जंतांवरील औषध म्हणून ते तपासीत होते. ते औषध पोटात असता मद्य घेतल्यावर आपला चेहरा लाल होतो, धडधडते व मळमळते, असे त्यांच्या स्वतःच्या अनुभवास आले. आणि 1948 साली त्याचा दारू सोडविण्याकरिता उपयोग जगापुढे आला. ही गोळी घेणाऱ्याला ठाऊक असते की, आज आपण प्यालो तर आपले हाल होतील. त्यामुळे रोजची लढाई सकाळी एकदाच लढावी लागते. ज्याने ती समजून, पत्नीच्या किंवा बहिणीच्या देखत, स्वतःच्या हाताने घेतली, त्याला तिचा उपयोग होतो. परंतु "त्याला न कळत चहातून द्या, पंधरा दिवसांत सुटेल" अशा जाहिराती भिंतींवर चिकटविलेल्या आपण पाहतो, आणि कंटाळलेल्या आया-बहिणी त्या पुड्या विकत आणतात. त्या पुडीत काय आहे, ते देव जाणे. त्यात हे औषध असेल आणि तो मनुष्य नेहमीप्रमाणे पोटभर प्याला, तर त्याचा रक्तदाब कोसळून तो मरू शकेल. मातांनो, भगिनींनो, तुमच्या हातून प्रेमापोटी असे घडू नये. न कळत दिलेल्या औषधाने कोणी व्यसनमुक्त होत नाही. कळल्यावर मात्र तो तुमच्या हातचे अन्न खाण्यास कचरतो.

आता निवासी केंद्रांविषयी. ह्या बाबतीत आपण वसईकर भाग्यवान आहोत. वांद्र्याच्या माउंट कार्मेल मंदिराच्या आवारात 1981 साली फादर जो परेरा ह्यांनी कृपा फाउंडेशन स्थापिले. फादर जो हे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार ह्यांचे शिष्य. आपण स्वतः मद्यासक्तीतून सावरलेले आहोत, हे त्यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. 2009 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्या पदकापेक्षा त्यांच्या जाहीर कबुलीचे मोल अधिक वाटते. एका धर्मगुरूने "मीही त्यांतलाच" असे म्हटल्याने किती घरांची दारे उघडली असतील, ह्याचा हिशेब कोणत्याही सरकारी दप्तरात नाही. कृपाचे केंद्र वसईतही आहे. तेथे शिस्तीचा दिनक्रम, समुपदेशन, योगासने, गटात बसून मोकळेपणाने बोलणे व घरच्यांशी संवाद, असा क्रम चालतो. तेथे औषधाने शुद्धीवर आलेला मनुष्य प्रथमच स्वतःकडे पाहावयास शिकतो.

पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हे असेच दुसरे ठिकाण. त्या काळी मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर, म्हणजे लोकांच्या भाषेत गर्द, घराघरांत शिरली होती. डॉ. अनिल अवचट ह्यांनी त्यावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे ह्यांनी मोठी देणगी देऊ केली, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्यास मुक्तांगण उभे राहिले. त्याचा आत्मा होत्या अनिलरावांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट. स्वतः कर्करोगाशी झुंजत असता त्यांनी ते काम चालविले व 1997 साली त्या गेल्या. पुढे त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर ह्यांनी ती धुरा घेतली. तेथे पस्तीस दिवसांचा मुक्काम असतो. व्यसनी स्त्रियांसाठी 'निशिगंध' नावाचा स्वतंत्र विभाग आहे. ह्या शेवटच्या वाक्यावर काही चेहरे खाली गेलेले मी पाहतो आहे. होय, आपल्यातही अशा भगिनी आहेत. त्यांची लाज पुरुषांच्या दसपट झाकली जाते, आणि म्हणून त्यांना उपचार मिळावयासही तितकाच उशीर होतो.

केंद्र निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. व्यसनमुक्तीच्या नावाखाली माणसाला कोंडणे, मारणे, बांधून ठेवणे असले प्रकार चालविणारी ठिकाणेही असतात. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे, व रुग्णाला साखळीने बांधण्यास त्या कायद्याने स्पष्ट मनाई केली आहे. स्वतः होऊन दाखल झालेल्याला परत जाण्याचा हक्क आहे. त्याच्या संमतीवाचून दाखल करावयाचे झाल्यास नोंदणीकृत संस्था, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज व मानसोपचारतज्ज्ञासह दोघांची स्वतंत्र तपासणी लागते, आणि तेही प्रथम तीस दिवसांपर्यंतच. म्हणून केंद्राला तीन प्रश्न विचारा: नोंदणी आहे काय, डॉक्टर केव्हा येतात, आणि मी माझ्या माणसाला केव्हा भेटू शकेन? तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर तेथून परत या. "रात्री गाडी पाठवून उचलून नेतो" असे सांगणाऱ्याच्या हाती आपला मुलगा देऊ नका.

केंद्रातून बाहेर आल्यावर काय? येथेच अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ए. ए. ह्या संघाचे महत्त्व आहे. 1935 साली अमेरिकेतील अॅक्रन गावी बिल विल्सन नावाचा एक शेअर दलाल व डॉ. बॉब स्मिथ नावाचा एक शल्यवैद्य, दोघेही दारूने रसातळाला गेलेले, एकमेकांस भेटले; आणि एक व्यसनी दुसऱ्याशी बोलत राहिला तर दोघेही त्या दिवसापुरते वाचतात, हा शोध त्यांना लागला. ह्या कार्यात एका कॅथलिक धर्मभगिनीचा हात होता, हे आपल्यापैकी थोड्यांस ठाऊक असेल. अॅक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रुग्ण दाखल करून घेण्याचे काम सिस्टर इग्नेशिया पाहत. दारूड्यांना रुग्णालये खाट देत नसत. 1939 साली त्यांनी डॉ. बॉब ह्यांचा असा एक रुग्ण पोटाचा विकार म्हणून नोंदवून घेतला व रुग्णांसाठी आलेली फुले जेथे ठेवीत त्या खोलीत त्याची खाट लावली. पुढे बऱ्या झालेल्या प्रत्येकाला निरोप देताना त्या येशूच्या पवित्र हृदयाचे एक पदक देत आणि सांगत, "पुन्हा पिणार असशील तर आधी हे मला परत आणून दे." माझ्या शपथेत आणि त्यांच्या पदकात हाच भेद होता: त्यांनी माणसाला परत येण्याची वाट ठेवली होती.

ए. ए. च्या सभेला फी नाही, नोंदवही नाही, आडनाव विचारीत नाहीत. तेथे कोणी उपदेश करीत नाही. जो तो आपली कथा सांगतो. आयुष्यभर नव्हे, आज दारू प्यावयाची नाही, एवढेच ते म्हणतात. धर्माचा कोणताही पंथ तेथे लादला जात नाही, म्हणून आपल्या हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांसही तेथे मोकळेपणाने जाता येते.

व्यसनी माणसाच्या घरच्यांविषयी बोलावयास मला संकोच वाटतो, कारण त्यांचे जे मला ठाऊक आहे, ते बव्हंशी अशा ठिकाणी कानी आलेले आहे की जेथून ते बाहेर आणता येत नाही. तथापि एवढे म्हणतो. पत्नी त्याची हजेरी सांभाळण्यासाठी कारखान्यात खोटे सांगते, आई त्याचे कर्ज फेडण्यासाठी दागिना मोडते, थोरली मुलगी बाप घरी येण्याच्या वेळेस धाकट्यांना मागल्या दाराने शेजारी नेते. हे सारे प्रेमच आहे. पण ह्या प्रेमाने आजाराला सावली मिळते. अशा कुटुंबीयांसाठी बिल विल्सनच्या पत्नी लोइस ह्यांनी 1951 साली अल-अॅनन हा निराळा संघ स्थापिला. मुक्तांगणात पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. तो पिणे सोडो वा न सोडो, तुम्हाला स्वतःचा उपचार घेण्याचा अधिकार आहे. तसेच तो मारीत असेल, तर घर सोडून सुरक्षित जागी जाणे हे संसार मोडणे नव्हे. हे वाक्य धर्मगुरूच्या तोंडी ऐकण्यासाठी काहीजणी फार वर्षे थांबल्या आहेत, म्हणून ते येथे उघड बोलतो.

आता तरुणांच्या व्यसनांकडे वळतो. नालासोपारा-वसईच्या परिसरात मेफेड्रोन, म्हणजे मुलांच्या भाषेत एम. डी., पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो. 2015 सालापासून हा पदार्थ अमली पदार्थांच्या कायद्याखाली आला आहे. ह्याला उतारा म्हणून निराळे असे औषध नाही. सोडल्यावर मुलगा दिवसचे दिवस झोपतो, मग खिन्न होतो, आणि त्या खिन्नतेत जीव द्यावासा वाटण्याचा धोका असतो. त्या दिवसांत त्याला एकटे ठेवू नये व मानसोपचारतज्ज्ञाकडे अवश्य न्यावे. गर्द किंवा हेरॉइनचे तसे नाही. तेथे ब्यूप्रेनॉर्फिन नावाची जिभेखाली ठेवावयाची गोळी देखरेखीखाली देतात. त्याने ओढ शमते, सुई सुटते व मनुष्य कामावर जाऊ शकतो. "एका नशेच्या जागी दुसरी" म्हणून तिला नावे ठेवणारे भेटतात. मधुमेह्याला रोज इन्सुलिन देताना आपण असे म्हणत नाही. आणखी एक भयंकर गोष्ट लक्षात असू द्या: गर्द काही आठवडे सोडल्यावर शरीराची सवय गेलेली असते, तो पुन्हा एकदाच, पूर्वीच्याच मापाने घेतो आणि त्याच रात्री दगावतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे म्हणूनच जपावयाचे असतात.

पोलिसांच्या भयाने पुष्कळ आईबाप मुलाला लपवितात. त्यांनी हे जाणावे की, 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यात 64-अ हे कलम आहे. थोड्या प्रमाणातील पदार्थासंबंधी किंवा सेवनाबद्दल आरोप असलेला व्यसनी सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी स्वेच्छेने उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालविला जाणार नाही, अशी त्यात तरतूद आहे. मात्र उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते.

उपचार घेऊनही मनुष्य पुन्हा पितो. ह्याला घसरण म्हणतात, आणि ती इतकी सामान्य आहे की उपचारकर्ते तिला रोगाचाच भाग समजतात. दम्याचा रुग्ण पुन्हा धापा टाकू लागला म्हणजे आपण "पैसे फुकट गेले" असे म्हणत नाही. माझ्या परिचयाचा एक गृहस्थ चार वेळा केंद्रात जाऊन आला. चौथ्या वेळी त्याला सोडावयास कोणी येईना, तेव्हा त्याचा शेजारी, जो ख्रिस्ती नव्हता, रिक्षातून त्याला घेऊन गेला. आज त्या गोष्टीला नऊ वर्षे झाली. मोगऱ्याच्या टोपल्या घेऊन तो पहाटेच्या गाडीने दादरला जातो.

अशा माणसाला आपण कसे वागवितो, हे पाहावयाचे असेल तर लग्नाच्या मांडवात जावे. "एक घेतल्याने काय होते?" असा आग्रह करणारे तेथे दहा असतात, आणि सरबताचा पेला पुढे करणारा एकही नसतो. मुंबई इलाख्यात 1949 चा दारूबंदीचा कायदा आला तेव्हा आपल्या भागात हातभट्ट्या कशा पेटल्या, हे वडीलधाऱ्यांनी सांगितलेले आहे. तेव्हा केवळ बंदीने सारे होईल असे मी मानीत नाही. परंतु निमंत्रणपत्रिकेवर संताचे चित्र छापणाऱ्या यजमानाने निदान न पिणाऱ्याची सोय अगोदर करावी, एवढे मागणे अवास्तव नसावे. ओघाने सांगतो, सावरलेल्या बंधूंनी पवित्र द्राक्षारसाची चिंता करू नये. केवळ भाकरीच्या रूपातील ख्रिस्तप्रसाद हा संपूर्ण ख्रिस्तप्रसाद आहे. इतकेच काय, मद्याचा त्रास असलेल्या धर्मगुरूला बिशपांच्या अनुमतीने नुकताच आंबू लागलेला द्राक्षांचा रस मिस्सेत वापरता येतो. 2003 साली रोमहून आलेल्या पत्रात ही अनुमती देण्याचा अधिकार बिशपांना दिलेला आहे.

आता आपल्या धर्मग्रामाने काय ठरविले आहे, ते सांगून थांबतो. मी आता कोणालाही वेदीसमोर दारू सोडण्याची शपथ देत नाही. प्रथम तो शेवटचे केव्हा प्याला, हे विचारतो, आणि कंप असेल तर त्याच्यासह डॉक्टरांकडे जातो. पॅरिश कौन्सिलने ह्यासाठी एक रिक्षावाला व दोन परिचारिका भगिनींशी बोलून ठेविले आहे. रात्री-अपरात्री धर्मगुरुनिवासाची घंटा वाजवावी. मजकडे येणे ज्यांना अवघड वाटेल, त्यांनी केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची विनामूल्य दूरध्वनी सेवा 14446 किंवा मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस सेवा 14416 ह्यांवर बोलावे. मंदिरामागची जी खोली मांडवाचे बांबू ठेवण्यासाठी वापरीत असू, ती आता मोकळी करून चुना दिला आहे. गुरुवारी सायंकाळी साडेसातला तेथे सभा भरते. आठ-दहा खुर्च्या व चहाची किटली एवढेच तेथे सामान आहे. बाहेर पाटी लावलेली नाही, व लावणारही नाही. दार वाडीच्या बाजूने आहे. रस्त्यावरून ते दिसत नाही.